सापडलेला 'तुकाराम', हरवलेला 'सावकारी पाश'

तुकाराममहाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून निघते, काटेवाडीत धोतरांच्या पायघड्यांवरून जाते, तिथे मेंढ्यांचे रिंगण होते आणि मग ती इंदापूर तालुक्यातील सणसरला मुक्कामाला येते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारे, भवानीनगरच्या साखर कारखान्याला लागून असलेले हे गाव. येथील कोणाला आज प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' (१९३६) पाहावासा वाटला, तर फोनवर नाव लिहिण्यापलीकडे काही करावे लागत नाही. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरीची आवली काही क्षणांत समोर येतात. त्याच फोनवर 'सावकारी पाश' असे लिहून पाहिले, तर १९२५ चा तो मूकपट मात्र येत नाही. चार ओळींची माहिती येते, कलावंतांची नावे येतात. चित्रपट येत नाही.

महाजालावर कितीतरी चांगले चित्रपट, प्रायोगिक लघुपट आणि व्हिडिओ-कलाकृती अवचित सापडतात, असे आपण म्हणतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना तर हे वरदानच वाटावे. कारण ज्या कृतींविषयी आपण केवळ पुस्तकांतून वाचत आलो, त्या आता प्रत्यक्ष पाहता येतात. परंतु 'सापडणे' या क्रियापदामागे कोणाचे तरी 'जपणे' असते, आणि त्या जपण्याला स्वतःचा इतिहास असतो. वरील दोन चित्रपटांमध्ये अवघे अकरा वर्षांचे अंतर आहे. दोन्ही कोल्हापूरच्या एकाच परंपरेतून आले. एक आहे आणि एक नाही, याची कारणे शोधू लागलो की महाजालाच्या या अमाप भांडारात काय आहे आणि काय असूच शकत नाही, हे स्पष्ट होऊ लागते.

'सावकारी पाश' न सापडण्याची खंत या भागाला अधिक वाटावी, असे काही आहे. मुंबई इलाख्यातील जमीन-मोजणीची आणि सारा-आकारणीची जी पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली, तिची सुरुवात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये केली ती याच इंदापूर तालुक्यात. तीस वर्षांसाठी ठरलेल्या या आकारणीची मुदत १८६६-६७ च्या सुमारास संपली आणि फेरआकारणीने सारा वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव त्याच सुमारास कोसळले होते. सारा रोखीत भरायचा, रोकड सावकाराकडून आणायची आणि तिच्यासाठी लिहून दिलेल्या खतावर जमीन गमवायची, असे हे चक्र होते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. या उठावात लोकांनी सर्वाधिक रोख धरला तो कागदांवर. वह्या, खती, रोखे बाहेर काढून जाळण्यात आले. कारण कर्जाचा पुरावा त्या कागदांतच होता. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

या घटनेनंतर पन्नास वर्षांनी बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. खोट्या दस्तऐवजाच्या आधारे सावकार एका शेतकऱ्याची जमीन बळकावतो आणि तो शेतकरी शहरात येऊन गिरणीकामगार होतो, असा तिचा गाभा. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते, सावकाराच्या भूमिकेत झुंझारराव पवार. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांच्या त्या काळात, ज्याला देव नाही आणि तलवारही नाही असा एक साधा कुणबी पडद्याच्या मध्यभागी येऊन उभा राहिला, म्हणून भारतातील वास्तववादी चित्रपटाचा आरंभ अनेक इतिहासकार येथून धरतात. पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. असे लिहिणाऱ्या पुढच्या पिढ्यांपैकी कोणीही हा चित्रपट पाहिलेला नाही. कथानकाचे सारांश, जाहिराती, स्थिरचित्रे आणि समकालीनांच्या आठवणी यांवर ही कीर्ती उभी आहे. पेंटरांनी १९३६ मध्ये हीच कथा बोलपट म्हणून पुन्हा चित्रित केली. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे या दोहोंविषयी लिहिले, तेव्हा मूकपट आपल्याला पुसटसाच आठवतो असे सांगून ते बोलपटातील दृश्यांकडे वळले. नंतरची आवृत्ती आधीच्या आवृत्तीच्या स्मृतीवर अशी चढत जाते.

मूकपट नाहीसे का झाले, याची कारणे बरीचशी भौतिक आहेत. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ लवकर पेट घेतो, एकदा पेटला की पाण्यानेही विझत नाही, आणि पेटला नाही तरी उष्ण-दमट हवेत हळूहळू चिकट होऊन अखेर त्याची भुकटी होते. तिच्यावरील लेपात चांदी असते. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला आणि मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. मग चांदी काढून घेण्यासाठी रिळे विकली जाऊ लागली. ज्या 'आलम आरा'ने मूकपटांना मोडीत काढले, त्याचीही आज एक फूट फिल्म उपलब्ध नाही. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी जेमतेम तीसच्या आसपास उरले आहेत आणि त्यांतलेही बहुतेक त्रुटित आहेत. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे नशीब आणखी खडतर. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी १९२९ मध्ये बाहेर पडून 'प्रभात' काढली. मूळ कंपनी थोड्याच वर्षांत बंद पडली. बंद पडलेल्या कंपनीची जुनी रिळे सांभाळण्यात कोणाचा स्वार्थ नसतो.

सरकारी पातळीवर चित्रपट सांभाळण्याची व्यवस्था झाली ती फेब्रुवारी १९६४ मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या रूपाने. म्हणजे शेवटच्या मूकपटानंतर तीस वर्षांनी. पी. के. नायर तेथे १९६५ मध्ये आले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे बारा हजार चित्रपट जमवले. फाळक्यांचे जे काही आज आपल्याला पाहायला मिळते, ते फाळके-कुटुंबीयांकडून रिळे मिळवून ती जुळवण्याच्या नायरांच्या परिश्रमांचे फळ आहे. तरीही संग्रहालयात पोहोचलेली वस्तू कायमची वाचली, असे नसते. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या, आवारातील गोदामाला आग लागली आणि तेथे ठेवलेल्या नायट्रेट फिल्म भस्मसात झाल्या. त्याआधी ज्यांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतल्या होत्या, ते चित्रपट उरले.

येथे साहित्याच्या अभ्यासकाला तुकारामांच्या गाथेची आठवण होणे अपरिहार्य आहे. वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि त्या तरल्या, ही कथा 'संत तुकाराम' चित्रपटातही आहे. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी त्या कथेत वाङ्मयेतिहासाचे एक सत्य आहे. अभंग लोकांच्या तोंडी होते. टाळकऱ्यांच्या, कीर्तनकारांच्या, फडांच्या स्मरणात होते. संताजी जगनाड्यांच्या वह्यांत होते. १८६९ मध्ये सरकारी साहाय्याने गाथा छापण्याचे काम निघाले, तेव्हा निरनिराळ्या ठिकाणच्या पोथ्या ताडून पाहता आल्या. एक वही बुडाली तरी काव्य बुडत नाही, कारण ते म्हणणाऱ्याच्या जिभेवर पूर्ण उतरते. जो अभंग म्हणतो, तो त्या अभंगाची एक प्रतच तयार करीत असतो. चित्रपटाचे असे होत नाही. हजारो लोक चित्रपट पाहतात, त्याची गोष्ट घरी जाऊन सांगतात, पण त्यांच्यापैकी कोणीही त्याची प्रत बरोबर नेत नाही.

या फरकाचा एक नमुना 'संत तुकारामा'तच सापडतो. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद इतके अस्सल उतरले, की ते तुकोबांचेच आहे असे मानून अनेक जण गाऊ लागले. पद पडद्यावरून सुटले आणि वारकऱ्यांच्या मुखी गेले. चित्रपटाच्या सगळ्या प्रती उद्या नष्ट झाल्या तरी ते पद राहील. पागनीसांच्या चेहऱ्यावरची ती प्रसन्न तंद्री मात्र अशी सुटून जाऊ शकत नाही. तिला प्रतच हवी. 'संत तुकारामा'ला ती मिळाली. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि गावोगावच्या पटांगणांत त्याचे खेळ पुढे कित्येक वर्षे होत राहिले. मागणी होती म्हणून प्रती निघत राहिल्या, आणि प्रती निघत राहिल्या म्हणून तो फोनपर्यंत पोहोचला.

लोकप्रिय चित्रपटाला मागणी तरी तारते. प्रायोगिक चित्रपट आणि व्हिडिओ-कला यांना तोही आधार नाही. चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू शिष्यवृत्तीच्या पैशांतून १९६९ मध्ये मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' नावाची एक कार्यशाळा सुरू केली. चित्रकारांनी कॅमेरा हाताळावा, चित्रपटकारांनी चित्रकारांकडून शिकावे, असा तिचा हेतू होता. पदमसींनी स्वतः दोन लघुपट केले. 'सिझिजी'मध्ये रेषा आणि आकृती यांचीच हालचाल आहे. राम मोहन यांनी ती सचेतनपटाच्या तंत्राने साधली. हा लघुपट उरला. दुसरा, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर', याची एकच प्रत होती आणि ती हरवली. जवळजवळ अर्धशतकानंतर, २०१६ मध्ये, दिग्दर्शक अशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना बरोबर घेऊन त्या हरवलेल्या लघुपटाच्या आठवणींवर त्याच नावाचा लघुपट केला. ज्याने ती कृती निर्माण केली, त्याच्याही स्मरणातून ती पूर्ण परत येऊ शकली नाही. याच कार्यशाळेत तरुण नलिनी मलानी यांनी कागदी-पुठ्ठ्यांच्या घरांची प्रतिरूपे वापरून 'ड्रीम हाउसेस' केला. पुढे त्याला १९७६ चा आपलाच कृष्णधवल चित्रपट जोडून त्यांनी 'युटोपिया' हे दुहेरी पडद्यावरचे काम सिद्ध केले. पहिली फिल्म कलावतीने सांभाळली होती, म्हणूनच भारतीय व्हिडिओ-कलेचा इतिहास आज १९९० च्या दशकाच्या मागे नेता येतो.

याच काळात फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेत प्रमोद पती 'एक्स्प्लोरर' (१९६८), 'आबिद', 'ट्रिप' (१९७०) असे विलक्षण लघुपट करीत होते. 'आबिद'मध्ये आबिद सुरती नावाचा चित्रकार एका खोलीच्या भिंती, जमीन आणि स्वतःलाही रंगवत सुटतो, तेही एकेक चौकट टिपून तयार केलेल्या तुटक गतीत. त्या वेळी मुख्य चित्रपटाच्या आधी सरकारी लघुपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते, आणि तालुक्याच्या गावांतली चित्रपटगृहेही त्याला अपवाद नव्हती. पुष्कळ प्रेक्षक तेवढा वेळ बाहेर चहा-विडीत घालवीत. फिल्म्स डिव्हिजनने आपले लघुपट महाजालावर ठेवल्यानंतर तेच लघुपट नव्या पिढीला 'शोध' म्हणून भेटले. लोकांच्या डोळ्यांसमोरून गेलेली गोष्ट चाळीस वर्षांनी सापडावी, हे चमत्कारिक खरे. पण तिच्या प्रती एका संस्थेच्या कपाटात होत्या, म्हणून तरी ती सापडली.

आता महाजालाकडे येऊ. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले. त्याच्या कितीतरी आधी, १९९६ मध्ये, अमेरिकी कवी केनेथ गोल्डस्मिथ याने 'उबूवेब' हे संकेतस्थळ काढून जगभरच्या प्रयोगशील काव्य-ध्वनी-चित्रपटांचा संग्रह, बहुतेक वेळा कोणाची परवानगी न घेता, खुला केला होता. आपल्याकडे मुंबईतील 'कॅम्प' या गटाने इतर संस्थांच्या सहकार्याने २००८ मध्ये 'पॅडमा' हा संग्रह उभारला. तेथे पूर्ण झालेल्या माहितीपटांबरोबर त्यांत न वापरलेले चित्रीकरणही ठेवले जाते. २०१३ मध्ये 'इंडियनसिनेमा' हे त्याचे भावंड आले. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांचा भारतीय चित्रपटकोश हा त्याचा पाया. आपल्या स्वामित्व-हक्काच्या कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे 'प्रभात'चे चित्रपट आता सर्वांचे झाले आहेत आणि असे संग्रह ते उघडपणे ठेवू शकतात.

या संग्रहांचे वैशिष्ट्य साहित्याच्या माणसाला चटकन कळेल. चित्रपट तेथे एका लांब पट्टीसारखा उलगडलेला असतो आणि त्याच्या कोणत्याही क्षणाला टीप जोडता येते. संवाद, ठिकाण, संगीत, भाष्य, सगळे त्या त्या जागी. ज्ञानेश्वरीची ओवी जशी अध्याय आणि क्रमांकाने दाखवता येते, तसे दृश्य मिनिट-सेकंदांनी दाखवता येते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांच्यासमोर अनेक पोथ्या होत्या आणि त्यांतले भेद त्यांना खटकत होते. चित्रपटांच्या बाबतीत हे काम आता कुठे सुरू झाले आहे.

त्याची निकड किती आहे, हे एका उदाहरणावरून दिसेल. महाजालावर 'राजा हरिश्चंद्र'चा जो भाग ठिकठिकाणी आढळतो, त्यावर बहुधा '१९१३' असे लिहिलेले असते. मूळ चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे उरले, असे समजले जाते. परंतु विरचंद धरमसी, सुरेश छाब्रिया यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते ही रिळे १९१३ च्या चित्रपटाची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत. हे मत ग्राह्य धरले, तर भारताचा पहिला कथापट म्हणून वर्गावर्गांत दाखवले जाणारे चित्र दुसऱ्याच चित्रपटाचे ठरते. मथळा लिहिणाऱ्याने पाठ तपासलेला नसतो आणि पाहणाराही तो तपासत नाही. गाणी कापलेल्या, कडा छाटलेल्या, मध्येच जाहिराती खुपसलेल्या प्रतींवरून प्रबंध लिहिले जाऊ लागले, तर पाठचिकित्सेची आपली सगळी शिस्त वाया जाईल. हस्तलिखितावर काम करणारा विद्यार्थी पोथी कोणाची, कोणत्या शकातली, किती पानांची, हे आधी नोंदवतो. चित्रपटाचा दुवा देणाऱ्यानेही प्रतीची लांबी, तिचा स्रोत आणि ती कोणी ठेवली, एवढे तरी नोंदवावे.

हरवलेली गोष्ट परत येतच नाही, असेही नाही. १९१९ चा मूकपट 'बिल्वमंगल' गेलाच असे मानले जाई. त्याचा एक तुकडा पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये निघाला आणि २०१६ मध्ये त्याची प्रत पुण्याच्या संग्रहालयात आली. कोणा फिरत्या तंबूवाल्याच्या पेटीत, एखाद्या परदेशी गोदामात, चुकीच्या नावाच्या डब्यात काही असू शकते. महाराष्ट्राच्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू-चित्रपटगृहांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २०१६ मध्ये केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' पाहिला, म्हणजे जुनी यंत्रे आणि रिळे किती काळ गावोगाव हिंडत राहिली, याची कल्पना येते.

तरीही 'सावकारी पाशा'ची वाट पाहत बसण्यापेक्षा त्याच्या हरवण्यातून काही घ्यावे, हे बरे. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण आपल्याविरुद्धची साक्ष नष्ट करायची होती. त्यांच्या बाजूने साक्ष देणारे पहिले चलच्चित्र मात्र कोणी हेतुपुरस्सर जाळले नाही. ते कोणाच्या हिशेबात नव्हते, म्हणून गेले. १८७५ च्या उठावावरील सरकारी आयोगाचा अहवाल आज ग्रंथालयात वाचता येतो, आपट्यांच्या कादंबऱ्या वाचता येतात, त्यांच्याच कथेवरचा 'कुंकू' (१९३७) पाहता येतो. शेतकरी झालेला चोवीस वर्षांचा शांताराम पाहता येत नाही.

हीच गोष्ट आता दुसऱ्या रूपात घडते आहे. १९८० नंतर गावागावांत व्हीएचएस कॅमेरे आले. लग्ने, तमाशाचे फड, कुस्त्यांचे आखाडे, सहकारी संस्थांच्या सभा, पालख्या, दुष्काळातली आंदोलने त्यांवर टिपली गेली. चुंबकीय फितीचे आयुष्य काही दशकांचेच असते आणि ती वाचणारी यंत्रे त्याहून झपाट्याने नाहीशी होत आहेत. कपाटातल्या या फिती कोणाला कलाकृती वाटणार नाहीत; 'आबिद'ही तेव्हा कोणाला वाटला नव्हता. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांतील मराठी विभाग हस्तलिखिते आणि लोकगीते जमवण्याचे प्रकल्प देतात, त्यांत या फितींची नोंद सहज बसू शकते: कोणी टिपले, कुठे, केव्हा, कोण बोलते आहे, कोणत्या बोलीत. ज्याची अशी नोंद झाली आणि प्रत निघाली, तेच उद्या कोणाला तरी महाजालावर 'अवचित' सापडेल.